आदर्श मातेची शाल

"मुलाला बाहेरच ठेव हं. आत आणलंस तर माइकमध्ये त्याचा आवाज येतो."

वहिनी असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात माझ्यासाठी आणलेला गजरा होता. वहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या साहेबांच्या बायको. दोह्यातल्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षाही त्याच. त्या दिवशी मला 'आदर्श माता' पुरस्कार होता. ज्या मुलाला सांभाळते म्हणून पुरस्कार, तो मुलगा हॉलच्या बाहेर, पॅसेजमध्ये, चपलांच्या ढिगाशेजारी.

आणि मी काय म्हणाले? "हो वहिनी, ठेवते ना. त्याला काय कळतंय!"

हे वाक्य वहिनींचं नाही. माझं आहे. अकरा वर्षं झाली. आता मी आजी झाले, दात हलायला लागले, पण ते वाक्य अजून घशातून खाली उतरत नाही.

वर्ल्ड कपला तेव्हा बराच अवकाश होता, पण दोहा आधीपासूनच खणून ठेवलेलं. काल सरळ जाणारा रस्ता आज डावीकडे वळायचा. पुरस्काराच्या तीन वर्षं आधी अशाच एका नव्या वळणावर, मुलाला शाळेत सोडताना, नवऱ्याची गाडी सिमेंटच्या कठड्यावर गेली. नवऱ्याला खरचटलं. केदारच्या मेंदूला मार बसला. अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून पोटातल्या नळीतून जेवतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आनंद झाला तरी एक लांब "आऽऽ", दुखलं तरी "आऽऽ". त्यातला फरक फक्त मला कळतो.

नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टमध्ये. अपघातानंतर जादा ड्युटी मागून घ्यायला लागला. घरी असला की भिंतीकडे बघायचा. मी भांडले नाही. भांडायला ताठ उभं राहावं लागतं, आणि माझी कंबर कधीच गेलेली. चौदा वर्षांचा, बेचाळीस किलोचा पोरगा दिवसातून आठ वेळा उचलायचा म्हणजे गंमत नव्हे.

पण कंबरेचं मी कुणाला सांगत नव्हते. सगळ्या मला 'धीराची बाई' म्हणायच्या ना! धीराच्या बाईला कंबर नसते.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. पुरस्काराचा फोन आल्यावर मी पैठणीला इस्त्री केली. केदारला नळीतून भरवता भरवता भाषण पाठ केलं. "मी फक्त माझं कर्तव्य केलं," हे वाक्य तीन सुरांत म्हणून पाहिलं. कुठल्या सुरात डोळ्यांत पाणी जास्त शोभेल, तेही ठरवलं. केदार माझ्याकडे बघत होता. पहिला श्रोता तोच. त्याला काय कळतंय म्हणणारी मी, त्याच्यासमोर तालीम करत होते.

स्टेजवर थर्माकोलचा भला मोठा फुटबॉल. त्याच्याखाली माझी खुर्ची. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात मी वात्सल्यसिंधू होते. टाळ्या झाल्या. मी भाषणाला उभी राहिले आणि बाहेरून आवाज आला.

"आऽऽ."

तो दुखण्याचा होता. मला लगेच कळलं. पाय अवघडला असणार.

वहिनींनी दाराकडे नुसतं बघितलं. कुणीतरी दार लावून घेतलं. माइकचा आवाज वाढवला.

आणि मी भाषण पूर्ण केलं. ठरवलेल्या जागी रडलेसुद्धा.

बाहेर आले तर माझी मुलगी, सतरा वर्षांची, जमिनीवर बसून केदारचा पाय चोळत होती. मी मराठीत बोलले की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या दिवशी मान वर न करता मराठीत म्हणाली, "आई, तो तुला हाक मारत होता."

त्यानंतर महिन्याभरात एके सकाळी मला पलंगावरून उठताच येईना. डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवस वजन उचलायचं नाही. मी वहिनींना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. म्हटलं, "वहिनी, मंडळातलं कुणी आठवड्यातून दोन तास केदारजवळ बसेल का? मला नुसतं पडून राहायचंय."

"अगं, तू तर आमची आदर्श माता! तुझ्याइतका धीर आमच्यात कुठला? आम्हाला बाई बघवतसुद्धा नाही."

खलास.

फोन ठेवला आणि कपाटातून शाल काढली. लांबीला दुमडून केदारच्या कमरेखाली सरकवली. एका कडेने ओढलं की पोरगा अलगद कुशीवर वळतो. कंबरेला ताण कमी. सत्काराचा तेवढा उपयोग झाला.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं. मंडळाची पद्धत अशी की गेल्या वर्षीच्या आदर्श मातेने या वर्षीच्या मातेला शाल घालायची. नवरा म्हणाला, "जाऊन ये. साहेबांच्या मिसेस आहेत. माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय." गेले. त्याला घरी केदारपाशी बसवून गेले, तेवढा शहाणपणा आला होता.

या वर्षीची आई जेमतेम सव्वीस-सत्तावीसची. नवरा आयटीत, दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर. तापात झटके येऊन मुलीच्या मेंदूला इजा झालेली. मुलगी दीड वर्षाची. कुठे? पॅसेजमध्ये, बापाच्या खांद्यावर, चपलांशेजारी.

मी शाल उलगडली आणि तिच्या जवळ गेले. तिच्या ब्लाऊजची बटणं वरखाली लागली होती. मनगटावर तव्याचा ताजा चटका. तिच्याही हातात भाषणाचा कागद होता. मी हळूच विचारलं, "सलग चार तास कधी झोपलीस गं?"

ती गोंधळली. "आठवत नाही, काकू."

माझे हात तिथेच थांबले. शाल तिच्या खांद्यावर जाईना. मी माइक ओढला.

"ही शाल मी हिला घालणार नाही."

"अगं, काय हे? कार्यक्रम चालू आहे," वहिनी दातांतून बोलल्या.

"वहिनी, आई स्टेजवर आणि मूल चपलांत, हाच ना तुमचा कार्यक्रम? गेल्या वर्षी मीही केला. छान रडले होते, सगळ्यांना आठवत असेल." मग मी हॉलकडे वळले. "हिला आठवड्यातून दोन तास झोपायचंय. मलाही. कोण येऊन बसेल? हात वर करा."

दीडशे माणसं होती. मी मोजायला उभी राहिले. मोजायला काही नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बायका पदर सारखे करत होत्या.

मी दार उघडलं. बापाकडून मुलगी घेतली, स्टेजवर शाल अंथरली आणि तिला त्या फुटबॉलखाली निजवलं. ती मोठ्याने रडली. माइक चालू होता. कुणीही बंद करायला आलं नाही.

नवऱ्याचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं, पण घरात पंधरा दिवस अबोला. आणि त्या पोरीला मी सांगितलं, मंगळवारी तुझी मुलगी माझ्याकडे. गुरुवारी केदार तुझ्याकडे. फरीज बिन ओमरानमधल्या माझ्या दोन खोल्यांत ती पहिल्या मंगळवारी आली, चप्पलही न काढता सोफ्यावर झोपली. मी दोन पोरं सांभाळली. कंबर मोडली. गुरुवारी मी झोपले.

वर्ल्ड कप आला आणि गेला. रस्ते सरळ झाले. केदार पंचविशीचा आहे, कूस अजून मीच बदलते. शाल विरली, तिसरी चालू आहे. मी थकले आहे, आणि हे आता फोनवर, दारात, लग्नात, कुठेही सांगते. नात म्हणते, "आजी, यू कम्प्लेन अ लॉट." म्हटलं, उशिरा शिकले गं, म्हणून जास्त करते.

यंदा मंडळाने जीवनगौरव द्यायचं ठरवलंय. नव्या अध्यक्षा पेढे घेऊन घरी आल्या. "काकू, तुमच्या धीराला सलाम."

मी केदारच्या खोलीचं दार उघडलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा दोन तास. बसणार नसाल तर पेढे ठेवा, आणि तो धीर तेवढा परत घेऊन जा."