जाळ्याला पडलेलं भोक

मार्गशीर्ष वद्य पंचमी. दुपारभर मी जाळं सांधत बसले होते. थंडीत आमच्या डोंगरातल्या तलावातला खडस मासा खोल पाण्यात उतरतो, म्हणून या दिवसांत जाळ्याला दगड बांधून ते तळाशी सोडतात. उन्हाळ्यात काठाशी फेकजाळं, पावसात ओढ्याच्या तोंडाशी. माझ्या नवऱ्याला हे सगळं पाठ आहे. खडस मात्र गेले कित्येक हिवाळे मिळालेला नाही. बाहेरून आणून सोडलेल्या चिलापी माशांनी तलाव भरला आहे.

त्या दिवशी सकाळी वर ओढलेल्या जाळ्याला हातभर भोक दिसलं आणि हे हरखले.

“एवढं कोण फाडणार? खडसच!”

“खेकडा,” मी म्हटलं. “टोकं बघा, कापलेली आहेत. माशानं ताणून तोडली असती तर पिंजली असती.”

“तुला चांगलं काही बघवतच नाही.”

“दाखवा, मग बघते.”

ते भोकाकडेच बघत राहिले. मासा संपला तरी त्याच्यासाठी शिकलेलं संपत नाही. थंडी पडली की यांचे हात दगड शोधायला लागतात. ही विद्या आता कुणाला द्यायची, आणि कशाला? भोक मी बुजवलं, कारण फाटकं जाळं मला घरात चालत नाही.

संध्याकाळी त्यांनी ते तळाशी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढलं तर रिकामं. मी त्यांच्या हातात वल्हं दिलं, होडी काठाशी घ्यायला सांगितली आणि चिलापीसाठी फेकजाळं टाकलं.