विमलकाकूंच्या नावाची वेल

जालन्याला फुलं बघायला चाललेय असं सांगितल्यावर आमची अख्खी स्टाफरूम हसली. फुलांसाठी लोक कासला जातात, आंबोलीला जातात. जालन्याला जातात ते सळया नाहीतर बियाणं आणायला. एरवी मीही हसले असते, पण या वेळी मला जाणं भागच होतं.

कारण शेजूळसर. जालन्यातल्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांची विद्यार्थिनी. आता मी नाशिकला तोच विषय शिकवते. सरांचा एकच नाद होता: दर रविवारी पिशवी खांद्याला लावून जिल्ह्यातल्या टेकड्या पालथ्या घालायच्या. भोकरदनच्या पलीकडच्या एका टेकडीवर, बोरीच्या झुडपात, त्यांना एक खरचुडी सापडली. खरचुडी म्हणजे पावसाळ्यात उगवणारी, दोऱ्याएवढ्या खोडाची वेल. जमिनीत कंद, वर कंदिलाच्या आकाराची छोटी फुलं. आमच्या भागातल्या खरचुडीची पानं गुळगुळीत आणि मांसल असतात. सरांना सापडलेल्या वेलीची पानं मात्र हृदयाच्या आकाराची आणि लवदार होती. अशी खरचुडी कुणी कुठेच नोंदवलेली नव्हती. म्हणजे नवी जात!

आमच्या शास्त्रात नव्या झाडाला स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही, दुसऱ्या कुणाचं तरी द्यायचं. सरांनी बायकोचं दिलं. विमलकाकूंच्या नावाला लॅटिन शेपूट लागलं आणि ‘विमलिये’ तयार झालं. शोधनिबंध आम्ही दोघांनी मिळून लिहिला. नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी कळवलं की सगळं ठीक आहे, फक्त त्याच जागेवरून कंदासकट एक पूर्ण वेल आणा, मग छापू. पावसाची वाट बघता बघता उन्हाळ्यातच सर हार्ट अटॅकनं गेले. राहिलेलं काम माझ्याकडे आलं.

तर भाद्रपदात नाशिकरोडहून निघाले. जालन्याला थेट गाड्या आहेत, एसटीपेक्षा कितीतरी बऱ्या. स्टेशनजवळ मुक्कामाला लॉज मिळतात, पण मी रिक्षा करून जुन्या जालन्यात काकूंकडेच उतरले. गल्ली इतकी अरुंद की रिक्षावाल्यानं धान्याच्या दुकानापाशीच हात जोडले आणि शेवटचा पल्ला मी पोत्यांमधून वाट काढत चालले.

काकूंनी दारातच जाहीर केलं, “उद्या मी बी येणार हाय.”

“काकू, चढण आहे. काटे आहेत.”

“असू दे. लग्न झाल्यापास्नं हे एक रविवार घरी राह्यलेत असं मला आठवत न्हाई. पाव्हणे आल्ते तरी हे डोंगरात. मंग एक दिवस आले अन् म्हणले, विमल, एका झाडाला तुझं नाव लावून राह्यलोय. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं यांचं.” काकू हसल्या. “अंबडच्या बहिणीला सांगितलं, गल्लीत सांगितलं. दहाव्याला भटजीपाशी सुद्धा निघाली ही गोष्ट. अन् मीच पाह्यली न्हाई अजून.”

त्यांना न्यायचं ठरलं. मी गुमान भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाईंची जीप आली. सरांना शेवटी शेवटी डोंगरापर्यंत तेच सोडायचे. तुम्ही जाणार असाल तर गाडी दिवसभराची ठरवा, डिझेलसकट, आणि निघण्याआधीच बोलून घ्या. भोकरदनपर्यंत एसटी भरपूर आहेत, पण पुढे टेकडीच्या पायथ्याशी जायला स्वतःची सोय हवी. एमआयडीसीच्या बाजूला कारखान्यांचा धूर सकाळीच खाली बसलेला असतो आणि त्यातून कामगार मोटरसायकलींवर तिघंतिघं बसून जात असतात. गावाबाहेर पडल्यावर मात्र दोन्हीकडे सोयाबीन, कपाशी, मका. भोकरदनला चहा प्या, भजी गरम असतील तर तीही घ्या. पुढचा रस्ता मात्र खड्ड्यांचाच आहे.

काकूंनी लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसली होती. वाटेत मी काट्यांचा विषय काढला, तर म्हणाल्या, “माझ्याच नावाच्या झाडाला भेटायला चाललेय, मंग काय गाऊनवर जाऊ?” रफिकभाई मोठ्यानं हसले. मीही हसले. एवढं मोकळं हसू त्या प्रवासात पुन्हा आलं नाही.

टेकडी फार उंच नाही, पण मुरमाड, पाय घसरतो. बूट घाला. खाली शेळ्या चरत होत्या. सरांनी काढून दिलेल्या नकाशावरून झुडूप सापडायला वेळ लागला नाही. बोरीच्या काट्यांत, आत, हिरवट जांभळे इवलेसे कंदील लागले होते. शेजारीच ती लवदार पानं. मला भरून आलं. सर असायला हवे होते असं फार वाटलं.

काकू वाकून बघत राहिल्या. “एवढंसंच?” त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, “पण नाजूक हाय, नै?” त्यांनी एका फुलाला बोट लावलं, मला फोटो काढायला लावला आणि तिथूनच अंबडला फोन केला. “सापडली गं. हाय, समोरच हाय. हो, माझ्या नावाची!” उन्हात उभ्या राहून त्या बहिणीला एकेक फूल सांगत होत्या.

मी कंद काढायला बसले. तज्ज्ञांनी पूर्ण वेल मागितली होती, म्हणून शेंड्यापासून खाली, काटे चुकवत, एकेक वेढा सोडवत आले. सरांनी असं कधी सोडवलं नव्हतं. त्यांचा नियमच होता, तो त्यांनी प्रत्येक सहलीत आमच्या डोक्यात भरला होता: दुर्मीळ झाड दिसलं तर वीतभर फांदी कापायची, कंदाला हात लावायचा नाही, गुंता ओढायचा नाही. झाड जगलं पाहिजे. त्यांनी तेच केलं होतं. वीतभर कापून, कागदात दाबून आणली होती.

तीन-चार वेढे सुटले आणि माझ्या हातात दोन खोडं आली.

मला आधी वाटलं की फांदी असेल. पुन्हा खोडं धरून मुळापर्यंत गेले. एक खोड दोऱ्यासारखं, गुळगुळीत. त्याला फुलं होती, पण पानं नव्हती, नुसते कुरतडलेले देठ. शेळ्यांनी जेवढं तोंड पोचलं तेवढं खाल्लं होतं आणि काट्यांच्या आतली फुलं वाचली होती. ते खोड खाली एका कंदात गेलं. दुसरं खोड लवदार, पानं त्याचीच. ते हातभर अंतरावरच्या दुसऱ्याच मुळातून आलं होतं. मी एक पान चुरगाळलं. उग्र, घाण वास आला. उतरण. जालन्यातल्या कुठल्याही कुंपणावर दिसणारी, कुणी ढुंकूनही बघत नाही ती उतरण. खडकाळ जागेत खुरटली होती, म्हणून पानं लहान राहिली होती. वासामुळे शेळ्यांनी तिला तोंड लावलेलं नव्हतं. दोन्ही वेली एकाच कुळातल्या, दोन्हींना चीक, दोन्हींची पानं समोरासमोर. सरांच्या हातीही असाच गुंता आला असणार; एकीची फुलं आणि दुसरीची पानं कागदात एकत्र दाबली गेली होती. वाळल्यावर वासही उडाला. ती वाळलेली फांदी चिकटवलेली शीट मी सूक्ष्मदर्शकाखाली किती वेळा बघितली होती! मलाही दिसलं नाही.

नवी जात नव्हतीच. होती ती साधी खरचुडी, उतरणीला बिलगलेली. ‘विमलिये’ नावाचं झाड जगात कुठेच नव्हतं.

मागे काकू अजून फोनवर बोलत होत्या. मी दोन्ही वेली वेगवेगळ्या कागदांत ठेवल्या आणि काकूंना घेऊन खाली आले. खाली लिंबाच्या सावलीत रफिकभाईंनी सतरंजी घातली होती. काकूंनी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. मी भाकरी तशीच बाजूला ठेवली. काकूंनी दोनदा विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. कागद उघडून दोन्ही वेली दाखवल्या, पान चुरगाळून वासही घ्यायला लावला.

काकूंनी दोन्ही कागद स्वतःकडे ओढून घेतले. मग अगदी हळू म्हणाल्या, “तू सोडवलं नसतं तर?”

“म्हणजे?”

“गुंता तसाच नेला असता, कंदासंगट, तर छापलं असतं का न्हाई त्यांनी?”

खोटं बोलायचं कशाला? “बहुतेक छापलं असतं,” मी म्हणाले.

“मंग कशाला सोडवलं?”

रफिकभाई मध्ये पडले. “मॅडम, साहेबाचं नाव होऊन जाऊ द्या ना. इथं कोन बघायला येऊन राह्यलं? माझ्या तोंडातून बिलकुल बाहेर न्हाई पडनार.”

मी समजावायचा प्रयत्न केला. एकदा नाव छापलं की ते पुस्तकांत जातं. पुढे कुणीतरी ही वेल शोधायला येईल, सापडणार नाही, मग ती नष्ट झाली असं ठरेल. नसलेल्या झाडाला माणसं वर्षानुवर्षं शोधत बसतील.

“बसू दे,” काकू म्हणाल्या.

त्यांनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या. साडीच्या काठाला काटे लागले होते, ते एकेक करून काढले. परतीच्या वाटेवर भोकरदनला रफिकभाईंनी चहासाठी गाडी थांबवली, पण काकू खाली उतरल्या नाहीत. मी चहा घेतला आणि तो कडू लागला, साखर होती तरी. अंबडहून पुन्हा फोन आला. काकूंनी तो वाजू दिला.

सकाळी निघण्याआधी मी सरांच्या खोलीत गेले. तिथं भिंतीला लागून वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले होते. सरांनी सगळ्या जिल्ह्यातून गोळा करून वाळवलेली झाडं त्यांत होती. प्रत्येकावर जागा, तारीख, नाव. गवतंसुद्धा सोडली नव्हती त्यांनी. हे कुठल्याच संग्रहात नाही, मी आमच्या कॉलेजात नेते, टेम्पो पाठवते, असं काकूंना म्हटलं. त्या देवापाशी वाती वळत बसल्या होत्या. “बघू नंतर,” म्हणाल्या. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही.

नाशिकला येऊन सगळ्यात आधी शोधनिबंध मागे घेतला. एका ओळीचं उत्तर आलं, आभार मानणारं. मग सरांनी आमच्या संग्रहात ठेवायला पाठवलेली ती शीट कपाटातून काढली. आमच्याकडे एक रीत आहे. आधीच्या माणसानं झाड चुकीचं ओळखलं असलं तरी त्याची चिठ्ठी काढायची नाही, खोडायचीही नाही. तिच्या खाली आपली छोटी चिठ्ठी चिकटवायची, तीत बरोबर नाव, आपली सही आणि तारीख. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते की ही आदराची रीत आहे. मी चिठ्ठी लिहिली: फुलं खरचुडीची, पानं उतरणीची. चिकटवली. नंतर काकूंना फोन केला, कारण त्यांना न सांगता हे करणं मला जड जात होतं.

“त्यांची चिठ्ठी फाडली का?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू. तशी फाडत नाहीत. ती कायम राहते. तुमचं नावही आहे तिच्यावर, सरांच्या अक्षरात.”

“अन् खाली तू लिहिलं की हे चुकलेत.”

“हो.”

“म्हणजे पुढंमागं कुणी बी उघडून पाह्यलं तर काय दिसणार? माझं नाव, अन् ते खोटं हाय म्हणून.” मग हळूच म्हणाल्या, “फाडून टाक ना गं.”

मी नाही म्हणाले. इतक्या मऊ आवाजात मागितलेलं काही मी याआधी कुणाला नाकारलं नव्हतं. काकूंनी फोन ठेवला.

आता तुम्ही विचाराल, भोकरदनकडच्या टेकड्यांवर जावं का? जावं. भाद्रपदात जा, पाणी आणि जेवण बरोबर ठेवा, फुलांचे फोटो काढा. खरचुडी साधी असली तरी सुंदर आहे. मी पुन्हा जाईन का, ते मला सांगता येत नाही. सर असते तर त्यांनी वेल सोडवली असती आणि चूक स्वतःच कबूल केली असती, असं मी मनाला समजावते. पण सर नव्हते. काकू होत्या, आणि त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. माझं चुकलं असं मला वाटत नाही. तरी जेवताना अचानक ते “फाडून टाक ना गं” कानात येतं आणि घास तसाच राहतो.

दसऱ्यानंतर टेम्पो ठरवला आणि गठ्ठे न्यायला कधी येऊ असं विचारायला फोन लावला. काकूंचा आवाज नेहमीसारखा होता. घरच्यांची विचारपूस केली, दिवाळीला ये म्हणाल्या.

“गठ्ठे न्हाईत आता,” त्या म्हणाल्या. “कागद रद्दीवाल्यानं नेला. पाला मी घंटागाडीत टाकला. खोली मोकळी झाली.”

“सगळे, काकू?”

“त्यातलं बी कुठलं चुकलेलं असंल, कुणाला माहीत,” त्या म्हणाल्या. “मंग तू त्यावर बी लिहिशील.”

आयुष्यभराच्या रविवारांतून सरांनी वाळवलेल्या झाडांपैकी आता एकच शीट उरली आहे. ती आमच्या कपाटात आहे, आणि तिच्यावर माझी चिठ्ठी आहे.