मागांनी नेलेले बारीक आवाज

डॉक्टरसाहेबांनी चिमट्यासारखा दोन पात्यांचा एक लोखंडी काटा गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कानाशी धरला. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. तो थरथरतो आणि गुणगुणतो. मला तो थरथरताना दिसला. गुणगुण आली नाही. मग त्याहून मोठा आणला. तो ऐकू आला, नदीपलीकडून यावा तसा.

"नर्व्ह डेफनेस," ते म्हणाले. मग सावकाश, जोरानं, "म्हणजे आवाज मेंदूला पोचवणारी नस थकली. मिलच्या गोंगाटानं. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळा."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी मुखेडचा; नऊ वर्षं नांदेडला कापडगिरणीत मागावर होतो. सुटी झाली तरी कानात माग चालूच राहायचे. गोदावरीच्या घाटावर बसलो की पाण्यातून मधमाश्यांचं मोहोळ वाहत चाललंय असं वाटायचं. खरं सांगतो, मला ते गोड लागायचं. आजाराची ती पहिली खूण होती.

पुढं बायकोच्या बांगड्या वाजेनाशा झाल्या. चिमण्या नुसत्या चोची उघडायच्या. गुरुद्वाऱ्याचा नगारा मात्र छातीत घुमायचा, म्हणून कान शाबूत आहेत असं मी समजलो. बारीक आवाज आधी जातात, जाड मागं राहतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

एका दुपारी बायको पाण्याला गेली. चार महिन्यांची गंगू पाळण्यात होती, मी तिच्याकडं पाठ करून चप्पल शिवत बसलो होतो. बायकोनं येऊन माझा खांदा हलवला.

"अवो, लेकरू रडून रडून निळं पडलंय. तुम्ही कुठं होता?"

"हितंच हाय की," मी म्हणालो.

तिनं लेकराला उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीच मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

मुकादमाला विनवून मी घडीखात्यात गेलो. तिथं कापडाच्या घड्या घालतात, यंत्र नाही. कापसाच्या गिरणीत जन्म चालला होता, पण कानात कापसाचा बोळा घालावा हे आम्हांला कुणाला सुचलं नव्हतं. मागावर जाणाऱ्यांनो, तेवढं करा. आणि बायको हल्ली पुटपुटते असं वाटायला लागलं, तर तिला बोल लावू नका. कान दाखवून या.

गंगू बोलायला लागली. मागून हाक मारली तर बाप वळत नाही, हे तिला लवकर उमगलं. ती पुढं यायची, दोन्ही तळव्यांत माझी हनुवटी धरायची आणि मग बोलायची. एकदा दारात दूधवाला वाकला, तर तिनं त्याचीही हनुवटी धरली. माणसाशी असंच बोलायचं असतं, अशी तिची समजूत होती. मी ती मोडली नाही.