नाव, गाव, अडचण

माझं अक्षर देखणं आहे आणि मला त्याचा लई गर्व होता. होता म्हणते, कारण आता हातात पेन धरलं की आधी दाराकडं बघते. मी अंगणवाडीसेविका. केजपासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथं पोरांना खिचडी खाऊ घालते, त्यांची वजनं करते आणि उरलेला दिवस रजिस्टरं भरते. नाव, गाव, अडचण, मोबाईल नंबर, शेरा. तपासणीला आलेल्या मॅडम दुसऱ्या बायांना माझं रजिस्टर दाखवायच्या, बघा, असं लिहावं. एखादा रकाना रिकामा राहिला तर मला जेवण गोड लागायचं नाही. ही खोड नडली. मला एकटीला नडली असती तर काही वाटलं नसतं.

दर रविवारी दुपारी मी केजला दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टरबाईंच्या घरी जायचे. त्या जन्मानं ख्रिस्ती. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी बसून त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. बरी झाल्यावर मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुणाशी बोलत होता हो?" तिथून सुरू झालं.

त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही दहा-अकरा जणी जमायचो. पहिला अर्धा तास शिवणकाम. दोन मशिनी होत्या, आणि ब्लाउजचा गळा कापायला सिस्टर खरंच शिकवायच्या, घरी सांगितलेलं खोटं ठरू नये म्हणून. मग मशिनीवर कापड टाकायचं आणि धड्यांची पातळ पुस्तिका निघायची. एका धड्यात एक गोष्ट, खाली पाच प्रश्न. वाचता येणारीनं मोठ्यानं वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आठवडाभर ऐकायला मेमरी कार्ड घातलेला छोटा स्पीकर आळीपाळीनं मिळायचा. शेवटी पुस्तिका मिटायची आणि प्रत्येकीनं तीच गोष्ट आपल्या तोंडानं सांगायची. बाप्तिस्मा घेतलेल्या फक्त सिस्टर आणि त्यांची जाऊ. बाकीच्या आम्ही शिकत होतो, एवढंच. पण हे एवढंच कुणाला पटवून सांगणार?

त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठलं तरी लांबचं गाव, प्रार्थनेची खोली, दारात गर्दी, आणि बाया पदरानं तोंड झाकून बाहेर येताहेत. आमच्या पारावर तो तीन-तीनदा बघितला जायचा. वर कुणी म्हणायचं, "आपल्याकडं बी असतील की असल्या, हुडकाय पायजेत." मी पोषण आहाराची पोती मोजत ते ऐकायचे आणि मोजणी चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. माझ्याविरुद्ध एक अर्ज गेला असता तर नोकरीवर पाणी. शिवाय गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती ती वेगळीच.

आमच्या गावाच्या वस्तीवरून माझ्याबरोबर एक जण यायची. मेंढपाळाच्या घरातली थोरली सून, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले सहा-सात महिने बाहेर. घरात सासू, सासरा आणि गॅरेजात काम करणारा दीर. तिची चार वर्षांची लेक माझ्याच अंगणवाडीत. बाई तोंडाची फटकळ होती, भ्यायची कुणाला नाही. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि धनी ते शोधायला जातो, तो धडा झाला तेव्हा सगळ्या जणी माना डोलावत होत्या. हिनं मात्र हात वर केला. "सिस्टर, नव्यान्नव रानात सोडून कोन जातंय? लांडगं न्हाईत का तिकडं? आमच्या मामंजींनी असं केलं तर सासू घरात घेनार न्हाई."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. सिस्टरनी पुस्तिका उलटसुलट चाळली, पाच प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "मग तूच सांग, धनी का गेला असंल?"

तिनं मशिनीवरचं कापड सरळ केलं. म्हणाली, "ते एकटं वरडत असंल. आवाज आला की ऱ्हावत न्हाई वो."

मला ती लई आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

आता त्या वहीचं. धडा झाला की प्रत्येकीनं आपली अडचण सांगायची, आणि पुढचा आठवडाभर बाकीच्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. सिस्टर म्हणायच्या, लक्षात ठेवा. पण दहा जणींच्या अडचणी लक्षात कशा राहणार? मी म्हटलं, मी लिहिते. शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. नाव, पूर्ण. गाव. अडचण. मोबाईल नंबर. आणि शेवटी शेरा, म्हणजे प्रार्थना पावली का नाही. वही दर आठवड्याला एकीच्या घरी जायची. एकीचा नवरा प्यायचा, एकीला टीबीच्या गोळ्या सुरू होत्या, एकीला मूल नव्हतं. सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मेंढपाळाच्या सुनेनं सांगितलं, "माझं लिवा, घरी कळू नये." आणि मी मेलीनं ते शब्दन् शब्द लिहिलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वस्ती, आणि पुढं: रविवारी प्रार्थनेला येते हे घरी कळू नये.

माझं स्वतःचं नाव त्या वहीत कुठंच नव्हतं. लिहिणाऱ्याचं नाव कशाला, असं तेव्हा म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली होती.

वही घरी न्यायची पाळी माझी होती त्या रविवारी जीपमध्ये आम्ही पंधरा-सोळा जण कोंबलेले. मांडीवर कुणाचं तरी पोर, पायात दळणाचा डबा. ब्लाउजपीसची पिशवी मी सीटच्या मागं खोचली आणि वही तिच्यात वरच ठेवली होती. मेंढपाळाची सून त्या दिवशी आली नव्हती, लेकीला ताप होता. घरी येऊन पिशवी उपडी केली तर कापड होतं, दोरा होता, वही नव्हती. पलंगाखाली बघितलं, पिठाच्या डब्यात बघितलं. वही पिठाच्या डब्यात कशाला जाईल? पण बघितलं. मालकांना सांगायची हिंमत झाली नाही. सिस्टरना फोन केला, त्या नुसत्या "देवा" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी पोरं सोडली आणि मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. जीपवाले चाचा म्हणजे भला माणूस. म्हातारी दिसली की पुढच्या सीटवर बसवणारा. मला बघून स्वतःच म्हणाले, "बाई, काल एक वही रह गयी थी गाडीत. तुमची न्हाई ना?"

"कुठंय?" मी जीपमध्ये डोकावत विचारलं.

"दिली की. आत खोलके देखा, सब नाम लिखे हुए. बाकी सगळे केजच्या तिकडचे, एकच नाव तुमच्या वस्तीवरचं. तिचा सासरा हितंच हुबा होता, त्याला दिली. कितना साफ लिखा है, लगेच सापडलं."

चाचांना काय बोलणार? त्यांनी पोचवली, चोख पोचवली, कारण मी तसंच चोख लिहून ठेवलं होतं. घरापर्यंत चालत आले ते कसं ते आठवत नाही.

मंगळवारी तिची लेक अंगणवाडीत आली नाही. बुधवारीही नाही. मी हजेरीत तिच्यापुढं गैरहजर लिहीत होते आणि बाहेर मोटारसायकल वाजली की पेन खाली पडत होतं. आता दीर येईल, चार पोरं घेऊन येईल. आता कुणीतरी मोबाईल धरेल माझ्या तोंडासमोर. वहीतल्या दहा जणींची नावं मला पाठ होती, मी ती मनात घोकायचे, प्रार्थना म्हणून नाही, भीतीनं. वस्ती अंगणवाडीपासून वीस मिनिटांवर. गृहभेट माझ्या कामाचाच भाग, लेकीला ताप आहे म्हणून उजळ माथ्यानं जाता आलं असतं. गेले नाही.

गुरुवारी खिचडी वाटून झाली आणि सासरा दारात आला. एकटाच. खांद्यावर घोंगडं, काठी बाहेर टेकवली, चपला काढल्या आणि आत येऊन उकिडवा बसला. घोंगड्याच्या घडीतून वही काढून माझ्यापुढं ठेवली.

"बाई, हे अक्षर कुनाचं हाय?"

मी वहीकडं बघितलं, हात लावला नाही.

"सून म्हनती म्याच लिवलं. धाकट्यानं वाचून दावलं, तवापासून घरात नुसता जाळ हाय. तिला सही येती, बाई, बाकी काय येत न्हाई. तिला असं लिवता येतंय व्हय?" म्हातारा हळू बोलत होता, मदतनीस मागं भांडी घासत होती तिला ऐकू जाऊ नये म्हणून. "म्या भांडाय न्हाई आलो. तुमचं असंल तर सांगा. तुमी सरकारी मानूस, शानं मानूस. आमच्या बाईंचं हाय, त्यांच्यासंगं गेलती, असं म्या म्हनलं तर घरात कुनी तोंड उघडनार न्हाई. तिला ऱ्हाऊ देतील."

किती सरळ बोलला होता तो. मला वाट काढून देत होता, तिला वाचवत होता आणि स्वतःचं घरही. पण खरं सांगते, तेव्हा मला त्यातलं एकच कळलं: अक्षर कुणाचं. मला अर्ज दिसला, मॅडम दिसल्या, पार दिसला, ती मोबाईलवरची बाया बाहेर येतानाची रांग दिसली आणि त्या रांगेत मी.

"नाही आबा," मी म्हणाले. "माझं नाही."

त्यानं मान वर केली. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर पोरांच्या वजनांचा तक्ता होता, लसीकरणाचा तक्ता होता, वर सुविचार होता. सगळं माझ्याच हातचं. त्याच्या नातीचं नावही तिथं होतं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, पण मेंढराच्या कानावरच्या खुणा ओळखत जन्म गेलेला माणूस तो. एकदा भिंतीकडं, एकदा वहीकडं, मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"बरं," म्हणाला. वही घडीत घातली आणि चपला घालून गेला.

दोन दिवसांनी कळलं, तिला आणि लेकीला आष्टीकडं माहेरी धाडलं. नवरा मेंढरं घेऊन परत आला की काय ते ठरवील म्हणे. वही म्हाताऱ्यानं चुलीत घातली. बाकीच्या नावांबद्दल त्यानं बाहेर कुणाला एक अक्षर सांगितलं नाही, आणि दिरालाही दम भरला असावा. बाकीच्या नऊ जणी वाचल्या. मी वाचले. शिवणकाम महिनाभर बंद होतं, मग पुन्हा सुरू झालं. आता आम्ही काही लिहीत नाही. सिस्टरना मी म्हाताऱ्याचं येणं सांगितलं, पण तो काय म्हणाला ते पूर्ण सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तू तरी काय करणार होतीस?" मी म्हटलं, हो ना.

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी पोरांची ताटं गोळा करत होते.

"ताई, म्या." आवाज तिचाच, खणखणीत. "भावजयीच्या फोनवरनं बोलतीय. बऱ्या हाव का?"

मी ताटं खाली ठेवली. लेक कशी आहे विचारलं. चांगली हाय, इथल्या अंगणवाडीत जाती, पर इथली बाई तुमच्यावानी न्हाई, म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तू कशाला म्हणालीस तू लिहिलं म्हणून?"

"मंग काय करू? तुमचं नाव सांगू व्हय?" ती हसली. "ताई, ती वही तर गेली. पर तुमच्या ध्यानात असंल सगळं. माझ्यापुढचं ते खोडा आता. घरी कळलं की."

माझी नजर भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या लेकीच्या नावावर गेली.

"आन नवीन लिवा माझं. कागदावर नगं, तुमी मनातच लिवा."

"सांग. काय लिहू?"

"मामंजींनी मला सगळं सांगितलं, ताई. म्या रागावले न्हाई, तुमची आन. तुमची भीती जावी, असं लिवा."

मी फोन कानाला तसाच धरून उठले, मदतनीस कुठं आहे ते बघितलं, दार लोटून घेतलं, आणि मग हळूच म्हणाले, "बरं."