फाशांना हात

माझे बाबा तीस वर्षं कुलाब्याकडच्या एका क्लबात, पत्त्यांच्या खोलीत कामाला होते. गिरगावातल्या आमच्या चाळीतून दुपारी निघायचे ते रात्री जेवायला परत. तिथे साहेब लोक बॅकगॅमन, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पळवायचा खेळ, खेळत. पट मांडायचा, सरबत आणायचं, डाव संपला की सोंगट्या पुन्हा जागच्या जागी लावायच्या, आणि मधल्या वेळात हात पाठीमागे घेऊन भिंतीशी उभं राहायचं. चालू डावातल्या फाशांना हात लावायचा नाही. कोण चुकलं, ते चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही.

हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मला त्याच खेळाचा ऑनलाइन नाद लागला, एक नियम अडला म्हणून मी बाबांना विचारलं, तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. नियम त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी म्हटलं, "तुम्ही तर भारी खेळत असणार."

"मी कुठे खेळलो? मी मांडायचो."

मग म्हणाले, "समोरच्याने डाव दुप्पट करायचं म्हटलं, तेव्हा एका साहेबांनी एकदा डाव सोडून दिला होता. सोडायचा नव्हता गो. घ्यायला हवा होता. पण मी बरोबर होतो की नाही, ते कसं कळणार? खेळल्याशिवाय नाही कळत."

माणूस ऐंशीचा झाला आणि ही गोष्ट पोटात घेऊन बसला होता. मला राहवेना. रविवारी सकाळी मी टॅब टेबलावर ठेवला, त्यांच्या नावाने खातं उघडलं, खुर्ची दिली. ते बसले नाहीत. "उभं राहिलं की सगळा पट दिसतो," म्हणाले.

पहिला डाव ते हरले, तोही एक सोंगटी न हलवता. मी कांदेपोहे करायला आत गेले होते. बाहेर आले तर बाबा हात पाठीमागे घेऊन उभे आणि टॅबवर 'तुम्ही हरलात'. मी तावातावाने नेटवाल्याला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, फासे टाकायचं बटण दाबायची पाळी यांची होती आणि वेळ संपेपर्यंत हे वाट बघत होते.

"मला वाटलं समोरचा टाकेल."

"बाबा, तुम्हीच टाकायचेत. त्या बटणावर बोट ठेवा."

त्यांनी बोट शर्टाला पुसलं, मग ठेवलं. फासे गडगडले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आलं.

दुसऱ्या डावात समोर कुठल्या तरी दूर देशातला माणूस होता, नुसता झेंडा दिसत होता. बाबा पटापट शिकले. सोंगटीवर टिचकी मारली की ती आपोआप पुढे जाते, सगळी खेळी झाली की बरोबरच्या खुणेवर दाबायचं, तोवर ती पक्की नाही. फाशांवर टिचकी मारली की त्यांचा क्रम बदलतो. पण खेळ आमच्या विरुद्ध चालला होता. बाबांच्या दोन सोंगट्या समोरच्याच्या घरात मागे अडकलेल्या, आणि तो आता एकेक सोंगटी पटाबाहेर काढून जिंकायच्या बेतात. तेवढ्यात त्याने डाव दुप्पट करायची मागणी टाकली. पडद्यावर दोन बटणं आली: घ्या किंवा सोडा. सोडलं तर आत्ताच हार, घेतलं तर दुप्पट हार होण्याची भीती.

मी म्हटलं, "सोडा. दुसरा डाव खेळू."

"हाच तो डाव," बाबा म्हणाले. "अगदी असाच होता." आणि 'घ्या'वर दाबलं.

पुढची दहा मिनिटं मी पोहे विसरले, शेजारणीची हाक विसरले. समोरच्याला दोन सहा पडले. जमवलेली जागा मोडावी लागली आणि त्याची एक सोंगटी एकटी उघडी राहिली, बाबांच्या सोंगट्यांच्या बरोबर एक घर पुढे. तिला मारायला बाबांना एक हवा होता. त्यांनी फासे टाकले. चार आणि एक. मी टेबलावर थाप मारली. बाबांनी टिचकी मारली आणि त्या मठ्ठ प्रोग्रॅमने आधी चार चालवले. सोंगटी उघड्या सोंगटीवरून उडी मारून पुढे निघून गेली.

बाबांचा चेहरा उतरला. "गेला डाव."

"गेला काय? तो उलटा बाण आहे ना, तो दाबा. खेळी मागे येते."

त्यांनी बोट उचललं, पण दाबलं नाही. घड्याळ सरत होतं. "साहेब लोक घ्यायचे खेळी मागे," ते हळूच म्हणाले. "तेव्हा मी छताकडे बघायचो. मला चालतं?"

"चालतं, बाबा. इथे सगळ्यांना चालतं. दाबा लवकर."

त्यांनी बाण दाबला. सोंगटी मागे आली. फाशांवर टिचकी मारून एक पुढे घेतला, पुन्हा सोंगटीवर टिचकी, आणि समोरच्याची एकटी सोंगटी उडून मधल्या पट्टीवर जाऊन बसली. ती परत आत येईपर्यंत बाबांनी दारं बंद केली. डाव त्यांनी जिंकला, दुपटीने.

मी आनंदाने ओरडले. बाबा ओरडले नाहीत. "सोडायचा नव्हताच," एवढंच म्हणाले, दोनदा.

समोरच्याने पुन्हा खेळू या म्हणून विचारलं. बाबांनी होकार दिला आणि सवयीने दोन्ही हात पटाकडे नेले, पण सोंगट्या आपल्या आपण जाग्यावर जाऊ लागल्या होत्या. त्यांनी वाकून प्रत्येक ढिगावर बोट ठेवत मोजलं. दोन, पाच, तीन, पाच.

"बरोबर मांडलंय," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.