त्रेसष्ट विमानप्रवासांचे आबा

विमानातून त्रेसष्ट वेळा प्रवास केलेला, आणि तरीही धोतर नेसून, काखेत छत्री मारून एस.टी.च्या रांगेत निमूट उभा राहणारा मनुष्य आमच्या रत्नागिरीत मी एकच पाहिला. लोक त्यांना आढीवाले आबा म्हणत. कच्चा आंबा पेंढ्यात रचून पिकत घालावयाचा, त्या रचनेस आमच्याकडे आढी म्हणतात, आणि आढी लावावी ती आबांनीच, असे लांज्यापासून रत्नागिरीपर्यंतचे बागायतदार एकमुखाने सांगत.

एका मोठ्या बागायतदाराचा हापूस दर हंगामात मुंबईहून विमानाने दिल्लीस जात असे. तेथील वखारीत आढी लावण्यासाठी, आणि कोणती पेटी कोणत्या दिवशी उघडावयाची हे ठरविण्यासाठी, आबा पेट्यांबरोबर जात. हंगामात नऊ खेपा होत. परत मात्र मालक त्यांना आगगाडीने आणीत. त्याबद्दल कोणी कीव केली, तर आबा म्हणत, "जाताना आंब्याला घाई असते. येताना मला कसली घाई?"

विमानाविषयी ते आपण होऊन एक अक्षर बोलत नसत. चहाच्या टपरीवर कोणी मुद्दाम खोड काढी, "आबा, वरून आपली रत्नागिरी कशी दिसते ओ?" आबा बशीतला चहा संपवीत आणि सांगत, "ढग दिसतात. आता ते दाभोळचे की दिल्लीचे, ते काय ढगावर लिवलेलं नसतं." एवढे बोलून ते छत्री उचलीत.

आंबा दाबून पाहणाऱ्या माणसाचा मात्र त्यांना मनस्वी राग येई. बाजारात एका बड्या अंमलदाराने पेटीतील फळास अंगठा लावला, तेव्हा आबांनी ते फळ शांतपणे उचलून त्यांच्याच हातावर ठेवले. "हा आता तुमचा. अंगठा उठलाय त्याच्यावर." अंमलदारसाहेब हसले, आबा हसले नाहीत.

माझा व त्यांचा परिचय माझ्या व्यवसायामुळे झाला. कचेरीच्या आवारात, वडाच्या सावलीत मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीपुढे गेले नाही, हे मी लपवीत नाही. परंतु पदवीधर वकिलांचे अशिलही अर्जाचा मायना माझ्याकडून सुधारून नेतात, हेही येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. एके सकाळी आबा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. डब्यात विमानात चढताना फाडून परत मिळणाऱ्या पासाची अर्धुके होती. एकूण त्रेसष्ट. त्यांना पेंढ्याचा वास येत होता.

"भाऊ," ते म्हणाले, "ह्या खेपेला माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. अमेरिकेत नोकरीला. ते सांगत होते, तिकडं विमानवाले गिऱ्हाइकाचे मैल मोजतात. मागं बसून बसून पुरेसे मैल भरले, की मागच्याच तिकिटावर पुढं बसवतात. पडद्याच्या पलीकडं. आमचे भरले असतील का ओ?"

"आपल्याकडे अशी योजना आहे काय?" मी विचारले.

"नसेल. पण आधी कोणी मागितलंय तरी का?"

हे वाक्य ऐकून मला त्यांच्याविषयी एकदम आदर उत्पन्न झाला. न मागितलेली गोष्ट कोणतीही कचेरी देत नाही, हे माझ्या आयुष्याचे सार आहे, आणि ते मला प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळाले होते.

पुढची जागा त्यांना स्वतःसाठी नको होती. आबांच्या पत्नीस आम्ही काकी म्हणत असू. बागेत बांधावरून पडून त्यांचा उजवा गुडघा मोडला होता व तो कायमचा ताठ राहिला होता. त्यांची एकुलती एक मुलगी दिल्लीस दिलेली. तिचे पहिले बाळंतपण जवळ आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आमच्याकडील रीत. परंतु मुलीस डॉक्टरांनी अंथरुणातून उठण्याची मनाई केली होती, आणि सासरी तिचे करणारे कोणी बाईमाणूस नव्हते. "लेक माहेरी येऊ शकत नाय, तर माहेरच उचलून तिकडं न्यायला हवं," आबा म्हणाले. आगगाडीत दीड दिवस, तो पाय घेऊन संडासात बसणे काकींना अशक्य होते. विमानाचे मागचे एक तिकीट आबांना परवडत होते. पण मागच्या खुर्चीत ताठ पाय मावत नाही, हे त्रेसष्ट वेळा तेथे बसलेल्या माणसास दुसऱ्या कोणी सांगावयास नको होते. पुढची जागा न मिळाली, तर काकी जाऊ शकत नव्हत्या. एवढा सरळ प्रश्न होता.

मी कागद घेतला. अर्धुके पाच-पाच करून फुलस्केपवर डकविली, यादी केली, प्रत्येकास क्रमांक दिला. नंतर माझ्या पद्धतीप्रमाणे लिहू लागलो, "अर्जदाराची पत्नी पायाने अपंग असून..."

आबांनी कागदावर हात ठेवला. "ते नको."

"आबा, ते तर अर्जाचे बळ आहे. साहेबाला पाझर फुटला पाहिजे."

"पाझर कशाला? मी सात हंगाम त्यांच्या विमानात बसलोय, तेवढं लिवा. पुढची एक जागा तिच्या नावानं द्या, म्हणावं. आंबा विकताना, झाड म्हातारं झालंय हो, कीव करून घ्या, असं सांगतो का आपण?"

मी त्यांना परोपरीने समजाविले. ते ऐकेनात. शेवटी मी मान डोलाविली, अर्ज पुरा केला आणि त्यांनी खाली, अक्षर अक्षर जोडून, सही केली. ते एस.टी. गाठण्यासाठी निघून गेले. त्यानंतर, सहीच्या वर जी दोन बोटे जागा मोकळी राहिली होती, तेथे मी काकींच्या पायाविषयी चार ओळी लिहिल्या. मुलीचे बाळंतपणही घातले. अक्षर एकच, शाई एकच; कोणास संशय येण्यासारखे काही नव्हते. त्या वेळी मला वाटले, आपण आपले कर्तव्य केले.

तीन आठवड्यांनी माझ्या पत्त्यावर विमान कंपनीचे उत्तर आले. ते इंग्रजीत होते. ओळखीच्या वकिलांकडून अर्थ नीट लावून घेऊन मी स्वतः आबांच्या घरी गेलो. काकी ओटीवर पाय लांब करून तांदूळ निवडीत होत्या. आबा चिऱ्याच्या पायरीवर बसले. मी वाचून दाखविले. वारंवार प्रवास केल्याबद्दल पुढील वर्गात बसविण्याची कोणतीही योजना कंपनीकडे नाही; सबब विनंती अमान्य. तथापि अर्जदाराच्या पत्नीच्या पायाची स्थिती विचारात घेऊन, साध्या वर्गातील अगदी पहिल्या रांगेतील, जिच्यापुढे दुसरी खुर्ची नसते अशी जागा त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात येईल. डॉक्टरांचा दाखला सोबत आणावा.

काकींनी सूप खाली ठेवले. आबा माझ्याकडे पाहत होते.

"पायाचं त्यांना कोणी सांगितलं?"

मी पत्राची घडी घालू लागलो. बावीस वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती.

"मी नको म्हटलं होतं, भाऊ."

तेवढ्यात काकी ओटीवरून कडाडल्या, "पाय माझा हाय. तुमची अब्रू त्याच्यात कुठून शिरली? साठ वेळा वर उडून आलात, एकदा तरी बायकोला विचारलंत, येतेस काय गो? आता जागा मिळतेय तर तोंड पाडून बसलेत!"

"मिळतेय ना. जाऊया की," आबा हळू म्हणाले. मग कोणाकडेही न पाहता, "आमचं येणंजाणं त्यांनी मोजलं नाय. तुझा पाय मोजला."

निघताना ते मला आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत पोचवावयास आले. "तुमी माझं ऐकलं नाय," ते म्हणाले. "बरं झालं. पण ऐकलं नाय."

आंब्याच्या ट्रकात पेंढा पसरून, त्यावर वाकळ घालून, काकींना मुंबईस नेण्यात आले. विमानात त्यांचा पाय सरळ राहिला. त्या तेथे पोचल्यावर नवव्या दिवशी मुलगी बाळंत झाली. कन्यारत्न झाले, आणि पहिली अंघोळ काकींनी खुर्चीवर बसून, आपल्या ताठ पायावर बाळाला निजवून घातली. हे मला आबांनी सांगितले नाही. बाजारात लोकांकडून कळले. आबा वाटेत भेटले की नमस्कार करीत, प्रकृती विचारीत. माझ्या टेबलाशी मात्र वर्षभर थांबले नाहीत.

वर्षाने ते आले. विहिरीवरील पंपास विजेची जोडणी हवी होती. मी अर्ज लिहून सहीसाठी पुढे सरकविला. त्यांनी लेखणी घेतली नाही.

"आधी वाचा. पहिल्यापासून."

आवारात दहा-बारा माणसे होती. मी मोठ्याने वाचू लागलो. "अर्जदार हा वृद्ध व गरीब असून..."

"वृद्ध राहू दे," आबा म्हणाले. "गरीब काढा."

मी शब्द खोडला. समासात दुरुस्तीची सही घेतली. शेवटच्या ओळीखाली जी जागा मोकळी होती तिच्यावर त्यांनी बोट ठेवले; तेथे मी त्यांच्यादेखत आडवी रेघ मारली. मग त्यांनी खाली सही केली, आणि मला चहाला चला म्हणाले.

त्या दिवसापासून मी प्रत्येक अर्ज अर्जदारास वाचून दाखवितो. वेळ फार जातो. माझ्या शेजारचे अर्जनवीस हसतात.

पंपाची जोडणी मिळण्यास पावणेदोन वर्षे लागली. दरम्यान मी तीन स्मरणपत्रे पाठविली. तिसऱ्याच्या वेळी आबा हयात नव्हते; ते मी काकींच्या नावे लिहिले व त्यांना वाचून दाखविले. "गरीब" हा शब्द घातला असता तर काम लवकर झाले असते, असे माझे व्यावसायिक मत आजही आहे. प्रत्येक वेळी तो शब्द लेखणीच्या टोकापर्यंत आला. मी तो एकदाही कागदावर उतरू दिला नाही.