पुलासाठी लिहिलेले अर्ज

खाडीतल्या बेटावरच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. घर उमेळ्यात, त्यामुळे सकाळी रिक्षाने धक्क्यापर्यंत आणि तिथून होडीने पलीकडे. होडीला वेळापत्रक नव्हतं, भरती-ओहोटी होती. रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले होते की दोनेक वर्षांत पूल होईल, तेवढं सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं.

होडीवाले काका तेव्हा पन्नाशीचे होते. बेटाच्या वाटांची सगळी हकिगत मला त्यांच्याकडूनच कळली. त्यांच्या वडिलांच्या काळात गावकऱ्यांनी खाडीच्या अरुंद बाजूला दगडांचा बांध घातला होता. ओहोटीला बायका भाजीच्या टोपल्या घेऊन त्यावरून जायच्या. दोन पावसाळ्यांत तो वाहून गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा कुणी दगड उचलला नाही. मग लोक बेटावरून जाणाऱ्या रेल्वेच्या पुलाच्या कडेला कामगारांसाठी टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवरून चालू लागले. तिथून चालायला मनाई होती, पण पाणी उतरलं की दुसरी वाटही नव्हती.

पुलाचे अर्ज लिहायचं काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आलं, अक्षर बरं म्हणून. मजकूर तोच, वर्ष बदलायचं. कधी मोजणीवाले यायचे. काका त्यांना होडीतून फिरवून आणायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे, या वेळचे लोक चांगले होते.

एका दुपारी वर्ग चालू असताना काका दारात येऊन उभे राहिले. काकींच्या छातीत दुखत होतं, अंगाला दरदरून घाम सुटला होता.

“बाई, पानी उतरलंय,” ते म्हणाले. “होडी चिखलात बसलीय.”

आम्ही शाळेतली लाकडी खुर्ची काढली. काकींना तिच्यात बसवून साडीने बांधलं. गावातल्या चौघांनी खुर्ची उचलली. काका वाट मोकळी करत पुढे चालले आणि मी काकींच्या चपला आणि गोळ्यांची पिशवी घेऊन मागे. पत्रे इतके अरुंद की एका वेळी दोघांनाच खुर्ची धरता येई. उरलेले दोघे मागून यायचे आणि हात भरून आले की बदली करायचे. मध्यावर गाडी आली. आम्ही कठड्याला चिकटून उभे राहिलो आणि पुलाची थरथर अंगातून गेली. काकींनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. त्या एकदाही ओरडल्या नाहीत.

त्या वाचल्या. दवाखान्यात चौथ्या दिवशी काकांकडे न बघता म्हणाल्या, “मी आता परत यायची नाय. होडीनं नाय न् पुलावरून नाय.”

काकांना वाटलं, भीती आहे, ओसरेल. ती ओसरली नाही. काकी वसई रोडजवळ लेकीच्या फ्लॅटवर राहिल्या आणि काका बेटावर. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की ते लेकीकडे जेवायला जायचे आणि भरती बघून परतायचे. सहा वर्षं असंच चाललं. तुम्हीही तिकडेच का राहत नाही, असं मी एकदा विचारलं. होडी कोण चालवणार, तुम्हाला शाळेत कोण सोडणार, असं ते साधेपणाने म्हणाले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. होडीत बसताना मात्र मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी खाडीत पुलाचे पहिले खांब उभे राहिले. त्याच सुमाराला काकांचे गुडघे गेले. त्यांनी होडी पुतण्याला दिली आणि ते लेकीकडे आले.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. काकी वालाच्या शेंगा सोलत होत्या, काका खिडकीशी बसले होते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मी सांगितलं, काम बरंच पुढे आलंय, पुढच्या वर्षी रिक्षा थेट गावात जाईल म्हणतात.

काका काकींना म्हणाले, “झाला की जाऊ एकदा. घर बघून येऊ.”

“तुमी जावा,” काकी म्हणाल्या. “मला आता कंटाला आलाय.”

रागाने नव्हत्या बोलल्या. काकांनी खाली वाकून शेंगा सोलायला घेतल्या. पूल मीच मागितला होता, एकोणीस वेळा. मी पुढे सरकून मूठभर शेंगा माझ्याकडे ओढल्या.